न जन्मलेल्या लिंबाची वाट

एका राज्यात एक नदी होती, नदीला घाट होता आणि घाटावर दुलबा नावाचा नावाडी होता. राज्याला राजाही होता, मणिध्वज त्याचे नाव. पण ही कहाणी राजाची थोडी आणि दुलबाच्या बायकोची फार. तिचे नाव कुमुदा. कुमुदा गोष्टी सांगत असे. तिने शूर म्हटला की ऐकणारे ताठ बसत, तिने वाघ म्हटला की पोरे आईच्या पदरात शिरत. तिची कीर्ती नदीपलीकडे गेली, पलीकडच्या राजाने तिला पालखी धाडली, आणि कुमुदा नवऱ्याला म्हणाली, “एक महिना. महिन्याच्या वर एक दिवस नाही.”

दुलबाने तिला आपल्याच नावेतून पैलतीरी पोचवले.

महिना झाला, दोन झाले, वर्ष झाले. पलीकडच्या दरबारात तिला मखमलीची बैठक होती, तिच्या शब्दासरशी सरदार माना डोलवत. त्या वर्षाच्या मध्यालाच एक वाटसरू तिला सहज सांगून गेला, की अलीकडच्या घाटावर एक नावाडी दिवेलागणीला नाव बांधून झाली तरी घरी जात नाही, पैलतीराकडे बघत उभा राहतो. कुमुदाने ते ऐकले. त्याच आठवड्यात राजा तिला ‘कथासरस्वती’ असा किताब देणार होता. ती थांबली. किताब घेतला, मग आणखी कित्येक महिने थांबली. असे करता करता पंधराव्या महिन्यात एका सकाळी ती नदीच्या पैलतीरावर येऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली.

नाव आली. वल्हे दुलबाच्या हातात होते.

वाटभर तिने शब्द जुळवले होते. पाया कसे पडायचे, काय म्हणायचे, तो रागावला तर कुठवर ऐकून घ्यायचे. दुलबा तिच्याकडे पाहून म्हणाला, “कुमुदा होय? ये. डावीकडे बैस, उजवीकडून पाणी येतं.”

ती बसली. नाव निघाली.

“रागावलात?” तिने विचारले.

“कशाला?”

“पंधरा महिने झाले.”

“झाले असतील.”

“माझी वाट पाहिली नाहीत?”

दुलबाने जरा विचार केला. एखाद्याने गेल्या वर्षीच्या पिकाविषयी विचारावे तसा. “पाहत होतो. मग थांबलो. नांगरणीच्या सुमाराला थांबलो असेन,” तो म्हणाला. “घरी भात आहे. भूक असेल तर घे.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. वल्हे पाण्यात पडत होते, निघत होते. कुमुदाला त्या क्षणी वाटले, याने मला नदीत ढकलून दिले असते तर बरे झाले असते.

नगरात शिरल्यावर तिला कळले, की दुलबा एकटा तसा नाही. पायरीवर एक लेकरू रडत होते आणि आतून आईच्या धान्य पाखडण्याचा आवाज शांतपणे येत होता; पाखडणे संपल्यावर तिने लेकराला उचलले, पाजले, पुन्हा पायरीवर ठेवले. माणसे दिवस मावळला की जिथे असत तिथेच पाठ टेकत, घर गाठत नसत. कोणी कोणाला हाक मारत नव्हते. भांडण कुठेच नव्हते. अलीकडे गावी गेलेली माणसे गावीच राहिली होती, कारण त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि त्यांनाही यावेसे वाटले नव्हते.

कुमुदा दरबारात गेली. राजा मणिध्वजाची राणी माहेरी गेली होती, तिला आणायला पालखी धाडायची राहून गेली होती, आणि राजा एकटाच सोंगट्या मांडून खेळत होता.

“महाराज, राज्याला काहीतरी झाले आहे,” ती म्हणाली.

“झाले आहे,” राजा म्हणाला. “प्रजा रडत नाही. सहा महिन्यांत एक फिर्याद आली नाही. याहून चांगले काय होणार?”

कुमुदा वेशीकडे निघाली.

वेशीजवळ जुना उंबर होता. त्याच्या ढोलीला मातीने बुजवलेले तोंड होते, फक्त एक बारीक फट ठेवलेली. फटीतून एका पक्षिणीची चोच दिसत होती, आणि मोठ्या पिवळ्या चोचीचा धनेश पक्षी तिला एकेक उंबर भरवत होता. कुमुदा झाडाखाली बसली आणि पोटभर रडली.

धनेश वरून म्हणाला, “बाई, या वेशीच्या आत कोणासाठी रडणारी तू एकटी. बाहेरून आलीस वाटते?”

“आजच आले.”

“म्हणून वाचलीस. शाप पडला त्या दिवशी जो वेशीच्या आत होता, त्याला तो लागला. आम्हा पाखरांना नाही लागला.” आणि धनेशाने तिला सगळे सांगितले.

डोंगरावर नीलजट नावाचा मांत्रिक राहत होता. त्याला एकच मुलगा, शार्दूल. राजाने शार्दूलला समुद्राकडच्या एका ठाण्यावर पहाऱ्याला धाडले आणि दोन वर्षांनी परत बोलावण्याचे वचन दिले. बोलावणे आल्याशिवाय ठाणे सोडायचे नाही, अशी शार्दूलची शपथ होती. आणि नीलजटाची विद्या वेशीबाहेर चालत नव्हती. दोनाची सात वर्षे झाली. नीलजट दरबारात आला. राजा म्हणाला, “उद्या पाहू.” तो पुन्हा आला. राजा म्हणाला, “लक्षात आहे.” तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा राजा सोंगट्यांवरून मान वर करून म्हणाला, “कोण शार्दूल?”

“त्या दिवशी नीलजट या झाडाखालून गेला,” धनेश म्हणाला. “डोंगरावर उभा राहिला, मूठभर राख वाऱ्यावर सोडली आणि बोलला. ते शब्द मी या कानांनी ऐकले. तो म्हणाला, ‘माझी ओढ यांना कळली नाही. आजपासून या वेशीच्या आत, आईच्या पोटी जन्मलेल्या कोणाही माणसाची ओढ कोणालाही लागणार नाही.’ आणि सगळ्या राज्याची ओढ त्याने तीन रांजणांत भरून नेली.”

कुमुदाने डोळे पुसले, पदर खोचला आणि डोंगर चढू लागली.

नीलजटाच्या गुहेला दार नव्हते, काटेरी कुंपण होते, आणि ते कुंपण बोलत असे. “कोणासाठी आलीस?” कुंपणाने विचारले. “दुलबासाठी,” ती म्हणाली, आणि काटे बाजूला झाले. आत तीन रांजण होते, माणसाच्या उंचीचे, तोंडाला मेण लावलेले. जवळ गेले की त्यांतून गुणगुण ऐकू येई, लांबच्या जत्रेसारखी. नीलजट त्यांच्यासमोर घोंगडीवर बसला होता. म्हातारा होता. त्याच्या भुवयांतून बारीक धूर निघत होता आणि त्याने तो मुद्दाम काढल्यासारखे दिसत नव्हते.

“तुझे दुःख मोठे आहे, बाबा,” कुमुदा म्हणाली. “पण माझ्या नवऱ्याने तुझे काय केले होते?”

“काही नाही. शार्दूलने तरी राजाचे काय केले होते?”

“शाप मागे घे.”

“बोललेला शब्द मलाही फिरवता येत नाही,” नीलजट म्हणाला. “मात्र त्यात एक फट राहून गेली आहे. मी ‘जन्मलेल्या’ म्हणालो. जो कधी जन्मलाच नाही, अशा माणसाची ओढ या राज्यातल्या एकाला जरी लागली, तरी हे रांजण टिकायचे नाहीत. तू गोष्टी सांगतेस ना? सांग. तीन बाजार, तीन गोष्टी, तीन माणसे. तिसऱ्या माणसाविषयीही कोणी ओढीने विचारले नाही, तर तुझीही ओढ या रांजणात येईल.”

“मग माझे काय होईल?”

“तू सुखी होशील,” नीलजट म्हणाला.

डोंगर उतरताना कुमुदाला ते शब्द सोडत नव्हते. हरले तरी वाईट नाही, असे तिच्या मनात आलेच. आणि ते मनात आले म्हणून तिने पावले भरभर टाकली.

पहिल्या बाजाराला ती चौकातल्या पारावर चढली. तिने विजयकेसरी नावाचा राजपुत्र उभा केला. रूपाने देखणा, बोलण्यात गोड, तलवारीत एक नंबर. त्याने सात राक्षस मारले, समुद्र एका उडीत ओलांडला, सर्पाच्या डोक्यावरचा मणी आणला, आणि तिन्ही लोकांत त्याच्यासारखा कोणी नव्हता. माणसांनी ऐकले. गोष्ट संपली तेव्हा माणसे म्हणाली, ‘छान’, आणि भाजी घेऊन चालती झाली. एक म्हातारा तर सहाव्या राक्षसालाच झोपला होता. गर्दीत दुलबाही होता. त्याने कांदे घेतले.

“काय झाले?” धनेशाने विचारले.

“ऐकले आणि गेले.”

“तुझ्या राजपुत्राला काय हवे होते?”

कुमुदा थबकली. “त्याच्याकडे सगळेच होते.”

“सगळेच असेल तर तो कोणाच्या दारी येईल कशाला,” धनेश म्हणाला, आणि उंबर आणायला उडून गेला.

दुसऱ्या बाजाराला तिने दुसरे टोक धरले. तिचा हरिणाक्ष जन्मतःच पोरका. सावत्र आईने त्याला उपाशी ठेवले, चोरांनी अंगावरचे वस्त्र नेले, दुष्काळाने गाय नेली, पुराने झोपडी नेली, शेवटी विजेने डोळे नेले. माणसे म्हणाली, ‘अरेरे, बिचारा’, आणि त्याच सुरात टोपलीवालीला विचारले, “वांगी ताजी आहेत का?”

धनेशाने या वेळी विचारले, “त्या हरिणाक्षाने काय केले?”

“केले काय? त्याच्यावर सगळे कोसळत गेले.”

“या खडकावरही दर साली पाऊस कोसळतो,” धनेश म्हणाला. “त्याचे कोणाला काय?”

आता एकच बाजार राहिला. मध्ये आठ दिवस. कुमुदा घरी राहिली, दुलबाला जेवू घालत राहिली, त्याच्याकडे पाहत राहिली. तो नावेतून उतरताना डावा पाय आधी टाकी. भात कालवताना कडेने सुरुवात करी. पूर्वी वल्हवताना तो बेसूर गात असे आणि तिने हसले की आणखी मोठ्याने गात असे. तिने ठरवले, याच्यासारखा माणूस जगात नाही, यालाच गोष्टीत घालू, नुसते नाव बदलू. उंबराखाली बसून तिने धनेशाला ती गोष्ट सांगून पाहिली. तिसऱ्या वाक्याला तिचे ओठ बधिर झाले आणि शब्द पिकल्या पानासारखे जिभेवरून गळून पडले. शाप कुमुदाला लागला नव्हता, पण जन्मलेल्याची ओढ लावणारी गोष्ट तो वेशीच्या आत कोणालाच सांगू देत नव्हता. दुलबा जन्मलेला माणूस होता.

“मग मी न जन्मलेला माणूस आणू कुठून?” ती रागाने म्हणाली. “शूर केला, जमला नाही. दुःखी केला, जमला नाही. तूच सांग.”

धनेश फांदीवर जरा दूर सरकून म्हणाला, “मला गोष्टी येत नाहीत, बाई. पण एक सांगतो, तिला ऐकू जाणार नाही असे बस. ती ढोलीत बंद आहे. पिले मोठी होईतो तिला बाहेर येता येत नाही, मी आणीन तेच तिचे अन्न. परवा मला फार भूक लागली होती. तिच्यासाठी घेतलेले उंबर मी वाटेत खाल्ले. सगळे. आणि रिकाम्या चोचीने परत येताना मला तिची जेवढी आठवण आली, तेवढी आजवर कधी आली नव्हती.”

एवढे बोलून त्याने मान फिरवली.

कुमुदा उठून नदीकाठी गेली आणि पाण्यात पाय सोडून बसली. आजवर तिने शेकडो माणसे घडवली होती आणि एकालाही तिने असे काही करू दिले नव्हते. वाटसरूचा निरोप ऐकून किताबासाठी थांबलेली बाई तिच्या कुठल्याच गोष्टीत नव्हती. तशी बाई गोष्टीत आली तर लोक काय म्हणतील, याची तिला भीती होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्या भीतीकडे पाठ न करता पाहिले. किताब देताना पलीकडच्या राजाने तिच्या खांद्यावर शाल घातली होती, आणि त्या वेळी तिला घाट दिसत होता, आणि तरी ती हसली होती.

पाण्याकडे पाहता पाहता तिला एक माणूस दिसू लागला. बैलांवर मिठाच्या गोण्या घालून तो घाटवाटेने येत होता. त्याचा उजवा कान अर्धा फाटलेला होता. तो कान कुठून आला हे कुमुदाला सांगता आले नसते. तसा कान तिने कधी पाहिला नव्हता. तो पुढच्या बैलाशी बोलत होता आणि बैलाची बाजूही स्वतःच बोलून दाखवत होता.

“तुझे नाव काय?” तिने मनात विचारले.

“लिंबा,” तो म्हणाला. “लिंबा मिठारी. पण जरा घाईत आहे.”

तिसऱ्या बाजाराला, उन्हे कलल्यावर, ती पारावर चढली. या वेळी तिने पदर सावरला नाही की आवाज चढवला नाही.

“एक होता मिठारी, लिंबा नावाचा,” ती म्हणाली. “तो खोटे बोलत असे.”

चारदोन माणसे थांबली.

लिंबा सोळा वर्षांचा असताना त्याची आई त्याच्याबरोबर समुद्राकडे मीठ आणायला गेली आणि तिथेच तापाने गेली. वाळूत तिला अग्नी देऊन तो एकटा घरी परतला. दारात चार वर्षांची बहीण उभी होती, आवडी. “आई कुठे आहे?” तिने विचारले. लिंबाने तोंड उघडले, आणि निघाले ते भलतेच. “आई मिठागरात कामाला राहिली आहे. तुला हा शिंपला दिलाय.” शिंपला त्याने वाटेत सहज उचलला होता.

एकदा बोलला आणि अडकला. दर साली तो मीठ आणायला जाई आणि आईचा निरोप घेऊन येई. एकदा रंगीत खडे, एकदा शंखांची माळ, एकदा लुगड्याचा तुकडा. निरोप तो वाटेत बैलाला ऐकवून पाही. “‘आवडीला म्हणावं, केसांना तेल लाव.’ कसा आहे?” आणि बैलाच्या आवाजात म्हणे, “बरा आहे, पण गेल्या साली हाच होता.” गर्दीत कोणीतरी हसले. हसणाऱ्याने दचकून आजूबाजूला पाहिले. घरी आवडी ते सगळे ऐकत असे आणि एका गाडग्यात जपून ठेवत असे. आणि लिंबा तिच्यासमोर बसून, फाटका कान चिमटीत धरून, आणखी दोन वाक्ये लावत असे. तिचा चेहरा उजळला की त्यालाही आई जिवंत आहे असे वाटे. बहिणीसाठी खोटे बोलतो असे तो स्वतःला सांगे. तेही पुरते खरे नव्हते.

आवडी सतरा वर्षांची झाली. तिचे लग्न ठरले. ती म्हणाली, “दादा, आई आल्यावाचून मी अक्षता घ्यायची नाही. तिला घेऊन ये.”

“आणतो,” लिंबा म्हणाला.

इथवर येईतो चौक भरला होता. भाजीवाल्या टोपल्या सोडून पाराशी आल्या होत्या. दुलबा वल्हे खांद्यावर घेऊन मागे उभा होता.

लिंबा समुद्राकडे गेला. तीन दिवस वाळूत बसून राहिला. चौथ्या दिवशी मिठागरात त्याला एक म्हातारी दिसली, सगुणा नावाची, मागेपुढे कोणी नसलेली. त्याने तिला सगळे सांगितले. म्हातारी म्हणाली, “मला लेक नाही, तिला आई नाही. चल, मी येते.” वाटभर तो तिला शिकवत गेला: आवडीला लहानपणी आई कशी हाक मारायची, तिच्या हनुवटीवर तीळ कुठे आहे. म्हातारी मन लावून शिकली. शेवटी गावाबाहेरचा ओढा आला. पलीकडे घर दिसत होते. आवडीने दारात रांगोळी घातली होती. सडा अजून ओला होता.

आणखी एकच खोटे, आणि सगळे नीट लागणार होते. लिंबाने म्हातारीकडे पाहिले. तिने नवे लुगडे नेसून केस विंचरले होते आणि ती घाबरून हसत होती.

“मावशी, तू इथं थांब,” लिंबा म्हणाला. बैलही त्याने तिच्यापाशी सोडले. एकटा ओढा उतरून गेला, अंगण ओलांडले, आणि दाराच्या कडीवर हात ठेवला.

इथे कुमुदा थांबली. ओढून ताणून थांबली नाही. तिला पुढे जाताच येईना. कडीवरचा हात तिला दिसत होता, नखांत मीठ अडकलेला, आणि कडी काही वाजत नव्हती.

चौकात कोणी हलले नाही. मग पुढची एक भाजीवाली म्हणाली, “गेला का आत?”

भाजीवाली पाराची कड धरून पुढे वाकली.

“अगं, वाजवली का कडी त्यानं? तो जेवलेला तरी आहे का?”

“त्या म्हातारीला असं एकटं का बसवलं?” दुसरा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि आपला आवाज का कापतो आहे हे त्याला कळत नव्हते.

गर्दीमागून वल्ह्याचा आवाज आला. दुलबा माणसांतून वाट काढत पुढे येत होता. त्याचा चेहरा कुमुदाने परत आल्यापासून पाहिला नव्हता असा झाला होता.

“ओढा कुठला?” त्याने विचारले. “वरच्या अंगाला की खालच्या? संध्याकाळचं पाणी चढतं तिथं. म्हातारी अडकेल, आणि हा बापडा दारात उभा. मी नाव घेऊन जातो. कुठला ओढा ते तेवढं सांग.”

“तो ओढा नाही,” कुमुदा कशीबशी म्हणाली. “लिंबा नाही. कोणीच नाही.”

“नाही कसा?” दुलबा ओरडला. “त्याचा कान फाटलाय!”

त्याच क्षणी डोंगरावर पहिला रांजण फुटला. मग दुसरा, मग तिसरा. आवाज वेशीपर्यंत आला आणि त्यामागून वारा आला, दमट, ओळखीचा. चौकात मध्येच कोणीतरी किंचाळले, “माझं पोर! मी पायरीवर ठेवून आलेय!” आणि एक बाई टोपली लाथाडून धावत सुटली. मग सगळेच धावले. कोणी घरी धावले, कोणी वेशीकडे, कोणी सहा महिन्यांमागे मेलेल्या बापाचे नाव घेऊन तिथेच मातीत बसले. गोठ्यांतून गाई हंबरल्या. ज्या राज्यात सहा महिने कोणी कोणासाठी रडले नव्हते ते राज्य एकदम रडू लागले.

राजा मणिध्वज अनवाणी वाड्याबाहेर आला. त्याने राणीसाठी पालखी धाडली, आणि पालखी सावकाश जाईल म्हणून मागोमाग घोडा धाडला. मग त्याला आणखी काही आठवले आणि तो खाली बसला. “शार्दूल,” तो म्हणाला. “नीलजटाचा शार्दूल. सात वर्षे.” त्याने स्वतःच्या हाताने बोलावणे लिहिले, ठाण्यावरच्या सगळ्यांच्या नावे, एकेकाचे नाव विचारून घेऊन लिहिले, आणि स्वार रवाना केले.

नीलजट डोंगर उतरून आला तेव्हा लोकांनी त्याला वाट दिली. कोणी दगड उचलला, कोणी तो त्याच्या हातून काढून घेतला. राजा त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मी विसरलो होतो. क्षमा मागायला तोंड नाही.”

“नसूच दे,” नीलजट म्हणाला. “मुलगा येईल तेव्हा बोलू.” मग तो कुमुदाजवळ आला. भुवयांतला धूर विझला होता आणि त्याखालचे डोळे लाल होते. “रांजण फुटले तेव्हा मी तुझीच गोष्ट ऐकत होतो,” तो हळूच म्हणाला. “तो आत गेला का गं?”

“ठाऊक नाही, बाबा.”

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो समुद्राकडच्या वाटेवर जाऊन बसला. एकविसाव्या दिवशी त्या वाटेने सतरा माणसे आली, आणि त्यांतला एक धावत आला.

पण ते पुढचे. त्या दिवशी चौक रिकामा झाल्यावर पारापाशी दोघेच उरले. दुलबाची ओढ परतली होती, आणि पंधरा महिने एकदमच परतले होते. त्याने बायकोकडे पाहिले.

“एक महिना म्हणाली होतीस,” तो म्हणाला. वल्हे उचलून तो निघून गेला.

तीन दिवस दुलबा घरी आला नाही. नाव चालवी, नावेतच निजे. कुमुदा रोज भाकरी घेऊन घाटावर जाई, पायरीवर ठेवी आणि परत येई. भाकरी तो खात असे. बोलत नसे. त्याचा राग दुरून दिसत होता, आणि कुमुदाला तो मखमलीच्या बैठकीहून मोलाचा वाटत होता; पण त्यामुळे तो सोसायला सोपा झाला असे नाही.

चौथ्या दिवशी ती भाकरी ठेवून वळली, तेव्हा तो नावेतून म्हणाला, “लिंबा आत गेला का?”

कुमुदा पायरीवर बसली.

“गेला,” ती म्हणाली. “आवडी म्हणाली, आई कुठे आहे? तो म्हणाला, आई तेरा वर्षांमागं गेली. मी खोटं बोललो. एकदा नाही, दर साली बोललो.” तिने श्वास घेतला. “अहो, एका वाटसरूनं मला सांगितलं होतं. तुम्ही घाटावर उभे असता म्हणून. मला ठाऊक होतं. किताब मिळणार होता म्हणून मी थांबले. आणि मग उगाच थांबले.”

नाव पाण्यावर जराशी हलली. दुलबा वल्ह्याच्या टोकाने पाणी ढवळत राहिला. पैलतीरावर कोणी उतारू हाक मारत होता, त्याने लक्ष दिले नाही.

“आवडी काय म्हणाली?” त्याने विचारले.

“ते मला दिसत नाही,” कुमुदा म्हणाली. “पुष्कळ पाहिलं. दार उघडतं, लिंबा सांगतो, आणि तिचा चेहरा काही दिसत नाही.”

दुलबाने पाणी ढवळणे थांबवले. मग म्हणाला, “ती बोलली नसेल. आत गेली असेल. गाडगं काढून तिनं सगळं जमिनीवर ओतलं असेल, शिंपले नि खडे नि सगळं. रडली असेल. त्याला म्हणाली असेल, निघ इथून.”

“मग तो निघाला?”

“निघाला. अंगणापर्यंत गेला.” दुलबाने वल्हे नावेत आडवे ठेवले. “तेवढ्यात तिनं विचारलं असेल, ओढ्यापाशी ती बाई कोण बसलीय म्हणून. त्यानं सांगितलं असेल. मग आवडी म्हणाली असेल, अंधार पडायच्या आत तिला घेऊन ये, पाणी चढेल. आणि तूही जेवून घे. बोलायचं काय ते मी नंतर बोलेन, पुष्कळ बोलेन.”

तो नावेतून उतरला, पायरीवरची भाकरी उचलली, मोडली, आणि अर्धी तिच्यापुढे धरली.

राज्यात पुन्हा माणसे माणसांवर रागावू लागली, दारात उभी राहू लागली. राणी आली, शार्दूल आला, राजाने सोंगट्या पेटीत घातल्या. तिथल्या बायका अजून मीठ निवडताना म्हणतात, लिंबा या वाटेने गेला असेल का. इथे ही कहाणी थांबते. ऐकणाऱ्यांपैकी ज्याची कोणी घरी वाट पाहत असेल, त्याने आता उठावे.